टर्बोचा नारळ

माणूस डॉक्टरपुढे खोटं बोलतो आणि मिस्त्रीपुढे त्याहून जास्त बोलतो, हे मी चाळीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. "मिस्त्री, काहीच केलं न्हाई, नुसती उभी होती अन् तडकली," असं म्हणत परभणी जिल्ह्यातल्या निम्म्या गाड्या माझ्या गॅरेजात आल्या. उभ्या उभ्या तडकणारं लोखंड मी अजून पाहिलेलं नाही. एका गुरुजींनी तर रेडिएटरात पाण्याऐवजी ताक ओतलं होतं. उन्हाळ्यात इंजिनालाही बरं वाटेल, हा त्यांचा हिशोब. गाडी दुरुस्त झाली, पण पुढे कितीतरी दिवस ती सुरू झाली की कढीचा वास यायचा. गुरुजी मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले की पंपवाल्यानं डिझेलात काहीतरी मिसळलं.

संपादकांनी निरोप पाठवला की दिवाळी अंक आहे, हलकंफुलकं लिहा, वाद नकोत. वाद टाळण्यात माझी हयात गेली, त्यामुळे ती अट मला जड नाही. आणि जे लिहिणार आहे ते एका मॅनिफोल्डबद्दलच आहे.

ज्यांचा गाडीशी संबंध फक्त खिडकीजवळच्या जागेपुरता आहे, त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनात चार सिलिंडर असतात. चारीत जाळ होतो, चारीतून धूर निघतो. तो धूर गोळा करून सायलेन्सरकडे पाठवणारं जे लोखंडी धूड इंजिनाच्या कुशीला असतं, तो मॅनिफोल्ड. चार सुनांची गाऱ्हाणी एकट्यानं ऐकून घेणाऱ्या सासऱ्यासारखा तो तापतो आणि गप्प राहतो. टर्बो म्हणजे ह्याच मॅनिफोल्डला लटकवलेला एक पंखा. बाहेर पडणारा धूर तो पंखा फिरवतो, पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो आणि गाडीला जोर येतो. फुकट जाणाऱ्या धुरावर चालणारी वस्तू असल्यामुळे आमच्याकडच्या पुढाऱ्यांना टर्बो लवकर समजला.

मॅनिफोल्ड बहुतेक ओतीव लोखंडाचा असतो. धंद्यात त्याला बीड म्हणतात, शेजारच्या जिल्ह्यानं मनावर घेऊ नये. बीडाला जोड मारणं हे वेल्डिंगमधलं सर्वांत अवघड काम. आधी अख्खा तुकडा गोवऱ्यांच्या जाळात सावकाश तापवायचा. तो लाल असतानाच बीडाची सळई वितळवून जोड भरायचा. मग राखेच्या खड्ड्यात पुरून ठेवायचा, चांगला दीड दिवस. बीड तापायला भीत नाही, एकदम गार व्हायला भितं. तापलेल्या बीडाला वाऱ्याची झुळूक सोसत नाही, मग पाण्याचं तर नावच नको.

हे काम बिनचूक करणारा माणूस आमच्या भागात एकच होता आणि तो माझ्या गॅरेजात होता. काशिनाथ. आयटीआय झालेला, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, बोलायला कमी. जोड मारून झाला की त्यावरून अंगठा फिरवायचा आणि स्वतःशीच मान हलवायचा. काशिनाथ बौद्ध. हे साधं वाक्य असं चारचौघांत लिहायला मला फार उशीर लागला. गिऱ्हाइकानं विचारलं तर मी "आमचा वेल्डर" एवढंच सांगायचो आणि लगेच दुसऱ्या विषयाकडे वळायचो.

मी गॅरेज टाकलं अठ्ठ्याहत्तरला आणि काशिनाथ पहिल्या दिवसापासून सोबत. त्याच साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. काशिनाथ पंधरा दिवस कामावर आला नाही. आला तेव्हा मी काही विचारलं नाही, त्यानंही काही सांगितलं नाही. गॅससाठी कार्बाइडची टाकी भरली आणि एका ट्रॅक्टरच्या गिअरचं तडकलेलं घर जोडायला बसला. गावाकडचं त्याचं राहतं घर जळालं होतं, हे मला वर्षभरानं तिसऱ्याच माणसाकडून कळलं.

गॅरेजवर बोर्ड होता 'पांचाळ मोटार गॅरेज'. पांचाळ म्हणजे मी. बोर्डावर खाली बारीक अक्षरांत 'येथे बीडाचे वेल्डिंग खात्रीने होईल' असं लिहिलं होतं आणि निम्मं गिऱ्हाईक त्या बारीक अक्षरांमुळेच यायचं. काशिनाथ एकदा म्हणाला, "मिस्त्री, त्या वळीच्या म्होरं माझं नाव टाका की. खात्री तर मीच द्यायलोय." मागणं रास्त होतं आणि मी नाही म्हटलंच नाही. सरकार त्या काळात विद्यापीठाच्या नावाबद्दल जी उत्तरं देत होतं, तीच मी बोर्डाबद्दल देत राहिलो. योग्य वेळ आल्यावर. सगळ्यांना विश्वासात घेऊन. वातावरण जरा निवळू द्या. दर दिवाळीला बोर्डाला नवा रंग लागायचा आणि तोच मजकूर पुन्हा लिहिला जायचा.

आता भाऊसाहेब. हे एका दूध संघाचे चेअरमन. संघाच्या सगळ्या गाड्या माझ्याकडे यायच्या. त्यांची स्वतःची जीप होती. तिचं पेट्रोल इंजिन काढून मीच डिझेलचं बसवलं होतं. नव्वद-एक्क्याण्णवची गोष्ट असेल, येलदरीला एका शाळेच्या कार्यक्रमाला भाऊसाहेब निघाले. जिंतूर सोडून चढ लागला आणि मागून विरोधी पॅनलच्या तात्यांची नवी गाडी आली. तात्या हात जोडून, हसून, नमस्कार करत पुढे निघून गेले. तो नमस्कार भाऊसाहेबांच्या जिव्हारी लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात होते. सोबत मेहुणे दिगंबर.

"मिस्त्री, टर्बो बसवा."

"भाऊसाहेब, जीपला टर्बोचं काम न्हाई. नोझल साफ करतो, पंप बघतो. आरामात चढंल चढ."

"चढ कुनाला चढायचाय? मला तात्याच्या म्होरं चढायचंय."

दिगंबर हैदराबादला जाऊन आले आणि भंगार बाजारातून एका विलायती गाडीचा टर्बो घेऊन आले. टर्बो चांगला होता, पंखा बोटानं फिरवला तर फिरतच राहायचा. पण तो जीपच्या मॅनिफोल्डला बसेना. वेगळा मॅनिफोल्ड हवा होता आणि तो निवडायला माझ्या गॅरेजात सभाच भरली.

बाजेवर तीन मॅनिफोल्ड मांडले. पहिला दिगंबरांनी हैदराबादेतूनच आणलेला, वाकवलेल्या नळ्यांचा, वरून चंदेरी रंग मारलेला. "जीपचाच हाय म्हनला दुकानदार," दिगंबर म्हणाले. इंजिनाला लावून पाहिला तर एकही भोक जुळेना. दुसरा स्टेनलेस स्टीलचा. दूध संघात दूध वाहून नेणाऱ्या नळ्या होत्या, त्या कापून भाऊसाहेबांनी परस्पर कुणाकडून तरी जोडून आणला होता. आरशात बघावं तसं तोंड दिसायचं त्यात. तिसरा म्हणजे जीपचाच जुना बीडाचा मॅनिफोल्ड, काळा, खडबडीत. त्याला टर्बोपुरतं एक तोंड कापून नवीन जोडायचं, असं काशिनाथचं म्हणणं.

भाऊसाहेबांचा जीव स्टीलवर. "बोनट उघडल्यावर लोकायला काही दिसलं पायजे का न्हाई? ते बीड म्हंजी निस्तं काळं ढुस्स."

मी माझ्या पद्धतीनं गोलगोल बोलायला लागलो. म्हटलं, तसं स्टीलही चांगलंच, पण. काशिनाथ हात पुसत मध्येच म्हणाला, "साहेब, स्टीलची नळी पातळ हाय. तापली की लांबती, गार झाली की आखडती, वर टर्बोचं वजन. महिन्याभरात जोडाला चीर पडंल. दिसायचं असलं तर स्टीलचा लावा, चालायचं असलं तर बीडाचा लावा."

दिगंबरांनी विचारलं, "ह्यो कोन?"

"आमचा वेल्डर," मी म्हणालो.

भाऊसाहेब मोठ्यानं हसले. "खरं बोलायलाय गडी. लावा बीडाचा." भाऊसाहेबांच्या बाजूनं सांगण्यासारखं एवढं एक आहे आणि ते मी सांगायला चुकणार नाही.

ते गेल्यावर मला भरून आलं. एवढ्या मोठ्या माणसापुढे आपल्या गॅरेजची अक्कल चालली. त्या भरात मी काशिनाथला म्हणालो, "हा टर्बो येलदरीचा चढ चढला की बोर्डावर तुझं नाव. विश्वकर्म्याची शपथ." तो हसला नाही. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "बरं." तेवढ्या एका शब्दावर त्यानं आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम केलं. मी ते पाहिलं आहे, म्हणून सांगतो.

दोन दिवस तो कापणं, घासणं, मापं घेणं यातच होता. तिसऱ्या दिवशी गोवऱ्यांचा जाळ केला, जोड भरला आणि तुकडा राखेत पुरला. दिगंबर सारखे यायचे आणि म्हणायचे, "जरा उकरून दाखवा की, झालंय का बघू." काशिनाथ खड्ड्याशेजारी पोतं टाकून बसून राहिला. मेहुण्यांना राखेपासून लांब ठेवणं हा त्या कामातला निम्मा भाग होता. तुकडा बाहेर आला तेव्हा जुनं बीड कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं ते मलाही सांगता येईना.

टर्बो बसला. आम्ही चौघं निघालो, भाऊसाहेब स्वतः चालवायला, शेजारी दिगंबर, मागे मी आणि काशिनाथ. जिंतूरनंतर चढ लागला. भाऊसाहेबांनी पाय दाबला तशी इंजिनाच्या पोटातून बारीक शीळ निघाली आणि जीप अशी उचलली की दिगंबरांची टोपी मागे माझ्या मांडीवर येऊन पडली. एक एसटी मागे पडली, दोन ट्रक मागे पडले. तात्या काही त्या दिवशी रस्त्यावर नव्हते, पण भाऊसाहेबांनी त्यांना मनातल्या मनात चार वेळा मागे टाकलं असावं. काशिनाथ आवाजाकडे कान लावून बसला होता. माथ्यावर पोचलो तेव्हा त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काढून घेतला. मलाही फार आनंद झाला होता.

माथ्यावर माणसं जमलेली. भाऊसाहेबांनी आधीच दोन-तीन गावांत निरोप धाडला होता. टर्बो बघायला लोक आले होते. टर्बो कशाशी खातात हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं, पण चेअरमननं आणलाय म्हणजे बघायला पाहिजे. रस्त्याकडेला शेंदूर लावलेला म्हसोबा होता. भाऊसाहेबांनी बोनट उघडलं. मॅनिफोल्ड निखाऱ्यासारखा लाल झाला होता, चढानंतर तो तसाच असतो. तेवढ्यात दिगंबरांनी पिशवीतून नारळ काढला.

भाऊसाहेबांचा नवस होता म्हणे. चढ चढला की म्हसोबापुढे नारळ फोडीन आणि त्याच पाण्यानं टर्बोला न्हाऊ घालीन. नवी गाडी घेतली, मोट बसवली, पंप आणला, की आमच्याकडे नारळाचं पाणी त्या वस्तूवर शिंपडतातच. मी स्वतः किती गाड्यांवर शिंपडलं आहे. पण त्या सगळ्या गार गाड्या होत्या.

काशिनाथ पुढे झाला. "साहेब, पाणी नका टाकू. लय तापलंय बीड, तडकंल. टायरवर टाका, बंपरवर टाका."

दिगंबर म्हणाले, "देवाच्या कामात तोंड घालू नगंस."

काशिनाथनं माझ्याकडे पाहिलं. माझा आवाज निघाला तो असा, "भाऊसाहेब, जरा निवू द्यायचं का?"

"मिस्त्री, माणसं खोळंबलीत," भाऊसाहेब म्हणाले. त्यांनी दगडावर नारळ फोडला आणि दोन्ही करवंट्यांतलं पाणी मॅनिफोल्डवर रितं केलं. चर्र झालं, वाफ उठली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत टण्ण असा एक आवाज झाला, तो फक्त आम्हा दोघांना कळला. काशिनाथनं डोळे मिटून घेतले.

परतीच्या वाटेवर जीप मळणीयंत्रासारखी फटफटत होती आणि आत धूर येत होता. मघाशी मागे टाकलेली एसटी आम्हाला ओलांडून गेली. खिडकीतली माणसं मान वळवून बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजात पंचनामा झाला. भाऊसाहेब, दिगंबर, संघाचे चार-सहा लोक. काशिनाथनं मॅनिफोल्ड उतरवून बाकावर ठेवला होता. चीर स्पष्ट दिसत होती आणि ती जोडापासून वीतभर लांब, कारखान्यातून आलेल्या मूळ बीडात होती, बरोबर जिथे पाणी पडलं तिथे. जोडाला केसाइतकीही रेघ नव्हती. शाळकरी पोरालाही समजलं असतं.

"जोड कुनी मारला व्हता?" भाऊसाहेबांनी विचारलं.

मी बोलायच्या आत दिगंबर म्हणाले, "मी चौकशी केलीय दाजी. नवसाच्या वस्तूला कुनाचाबी हात लागल्यावर दुसरं काय व्हनार?"

त्या वाक्याचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला कळला. त्या वर्षांत असल्या वाक्याला स्पष्टीकरण लागत नसे. भाऊसाहेब खाली बघत होते. काशिनाथनं मॅनिफोल्ड उचलून माझ्यापुढे धरला, चीर वर येईल असा, आणि थांबला. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. पाण्यानं तडकलं. एवढंच.

मी म्हणालो, "जोड जरा कच्चा राहिला असंल."

लोक मला विचारतात, म्हणजे मीच मला विचारतो, की असं का बोललास. संघाच्या गाड्या हातच्या जातील म्हणून, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. पण ते खरं नाही. त्या क्षणी मला गाड्या आठवल्याच नव्हत्या. चार माणसांत भाऊसाहेबांना तुम्ही चुकलात म्हणायला माझी जीभ रेटली नाही, आणि काशिनाथ ऐकून घेईल याची मला खात्री होती. बारा-तेरा वर्षं त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं होतं.

मंडळी गेल्यावर त्यानं मॅनिफोल्ड माझ्या हातात दिला. "मिस्त्री, जोडावरून एकडाव अंगठा फिरवा," म्हणाला. मी फिरवला नाही. त्यानं आपला गॅसचा टॉर्च आणि गॉगल, स्वतःच्या पैशानं घेतलेल्या दोन वस्तू, फडक्यात गुंडाळल्या आणि तो गेला.

पुढे भाऊसाहेबांनी स्टीलचा मॅनिफोल्ड लावला. त्याला महिन्याभरात चीर पडली, ती कुणाच्या हातानं पडली याची चौकशी झाली नाही. मग टर्बोच काढून टाकला. मागच्या काचेवर लाल अक्षरांत 'टर्बो' लिहून घेतलं होतं, ते मात्र तसंच राहिलं आणि भाऊसाहेब त्यातच समाधानी होते. तात्यांनीही लगेच आपल्या गाडीवर लिहून घेतलं. मॅनिफोल्ड कोणता घ्यावा याबद्दल लोक भाऊसाहेबांचा सल्ला घ्यायला लागले आणि ते सांगायचे, बीडाच्या नादी लागू नका, धोका देतं. माझ्याकडे बीडाचं काम येणं हळूहळू थांबलं. बोर्डावर 'खात्रीने होईल' मात्र तसंच होतं.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला. कुणी पेढे वाटले, कुणी दारं लावून बसलं. चार दिवसांनी बाजार नेहमीसारखा भरला आणि मला एकदम धीर आला. सरकारनं केलं म्हणजे आता आपणही करायला हरकत नाही. मी पेंटरला बोलावून बोर्ड रंगवून घेतला, 'पांचाळ-काशिनाथ मोटार गॅरेज'. रंग पुरता वाळायच्या आत, दुसऱ्या दिवशी सकाळीच ताडकळसची गाडी पकडली. काशिनाथनं तिथे बाजाराच्या कडेला पत्र्याचं दुकान टाकलं होतं. दारात चार ट्रॅक्टर नंबर लावून उभे होते.

त्यानं मला खुर्ची दिली, चहा सांगितला. घरच्यांची विचारपूस केली. मग मी बोर्डाचं सांगितलं.

"कवा लिवलं?" त्यानं विचारलं.

"काल."

"आता कुनी काही म्हनायलं न्हाई, न्हाई का?"

मी चहा पीत राहिलो. तो शांतच होता. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

"मिस्त्री, नाव मी मागितलं व्हतं हे खरं हाय. लय वर्सं मागितलं. पर त्या दिवशी मला ते नको व्हतं. तुमी निस्तं नारळाचं नाव घेतलं असतं तरी भागलं असतं."

एवढं बोलून तो उठला. राखेत एक तुकडा निवत होता, तो बघायला गेला. मी पुढच्या एसटीनं परत आलो आणि दुसऱ्या दिवशी बोर्ड उतरवला. ज्या माणसानं नाही म्हटलं, त्याचं नाव लावून गिऱ्हाईक ओढणं बरं दिसलं नसतं.

आता गॅरेज बंद आहे. भाऊसाहेब वारले, दिगंबरही वारले. म्हणजे आज मी जे लिहितो आहे, त्याला धाडस म्हणता येणार नाही. काशिनाथ ताडकळसला आहे आणि हा अंक त्याच्या हाती पडेल की नाही ते माहीत नाही. संपादकांनी वाद नको म्हटलं होतं, पण यात वाद घालण्यासारखं काही उरलेलं नाही. तो मॅनिफोल्ड मी भंगारात दिला नाही, फळीवर ठेवला आहे. गेल्या आठवड्यात खाली काढला आणि त्यानं सांगितलं होतं तसा अंगठा फिरवून पाहिला. जोड पक्का होता.